मूत्रपिंडाचा दाह आणि नित्य औषधाचे व्रत

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात कोल्हापूर येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या या आनंदाच्या प्रसंगी रोगराईचा विषय काढावा, हे काहींना रुचणार नाही याची मला जाणीव आहे. सकाळी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, दुपारी वधूवर-परिचयाचा कार्यक्रम व्हावयाचा आहे, आणि मधला हा अर्धा तास चिटणीसांनी मजसारख्या निवृत्त औषधविक्रेत्याच्या स्वाधीन केला आहे. मी डॉक्टर नव्हे. याच शहरात चाळीस वर्षे औषधांच्या दुकानात उभा राहिलो, एवढाच माझा अधिकार. परंतु डॉक्टरांनी लिहिलेल्या चिठ्ठीचे पुढे काय होते, हे डॉक्टरांपेक्षा दुकानदारालाच अधिक दिसते. कोण दरमहा न चुकता येतो, कोण तीस गोळ्यांऐवजी दहाच मागतो, आणि कोण एके दिवशी येईनासा होतो, याची नोंद त्याच्या मनात आपोआप होत असते. या येईनाशा झालेल्या माणसांविषयीच मला आज बोलावयाचे आहे.

प्रथम विषयाची थोडी ओळख करून देतो. आपल्या पाठीच्या दोन्ही अंगांस, बरगड्यांच्या खालच्या बाजूला, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या आहेत, आणि प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ. या गाळण्यांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव पाझरतो. त्यांतील बहुतेक सगळा शरीर परत घेते आणि दीड-दोन लिटर तेवढा मूत्ररूपाने बाहेर पडतो. या गाळण्यांना सूज येणे, म्हणजेच मूत्रपिंडाचा दाह होणे, याला डॉक्टर नेफ्रायटिस म्हणतात. बहुधा हा दाह शरीराच्या स्वतःच्याच संरक्षणशक्तीने केलेला असतो. शत्रूसाठी ठेवलेले सैन्य भ्रम होऊन आपल्याच गावावर चालून यावे, तसा हा प्रकार आहे.

गाळणी सुजली म्हणजे रक्तात राहावयाची प्रथिने मूत्रात उतरतात. लघवीला फेस येतो, सकाळी उठल्यावर पापण्या जड वाटतात, संध्याकाळी पायांवर बोट दाबले तर खळगा पडतो. कधी रक्तपेशीही गळतात आणि लघवी काळ्या चहासारखी दिसते. रक्तदाब चढतो. परंतु पुष्कळदा यांतले काहीच जाणवत नाही, आणि दुखत तर मुळीच नाही. दात दुखला तर माणूस रात्री बारा वाजता माझे दार ठोठावीत असे. मूत्रपिंडासाठी असे कोणी कधी आले नाही. या विकाराचा सगळा कावेबाजपणा त्या न दुखण्यात आहे.

लंडनच्या गाय्‌ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट या वैद्याने १८२७ साली अंगावरची सूज आणि मूत्रपिंडाची व्याधी यांचा संबंध प्रथम स्पष्टपणे मांडला. रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवावी आणि तीत अंड्याच्या पांढऱ्यासारखा साका धरतो का ते पाहावे, अशी तेव्हाची परीक्षा होती. निदान झाले, तरी उपाय नव्हता. पुढे १९४९ साली अमेरिकेत फिलिप हेंच व त्यांचे सहकारी यांनी कॉर्टिझोन या द्रव्याचा संधिवातावरील गुण जाहीर केला; १९५० साली त्या कार्यास नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच कुळातील प्रेडनिसोलोन ही गोळी लवकरच मूत्रपिंडाच्या दाहावरही वापरात आली. ज्या सुजलेल्या बालकांपुढे पूर्वी आईबापांनी हात टेकले असते, ती मुले या गोळीने खेळू-बागडू लागली. आज आपण तिच्या अवगुणांविषयी इतके बोलतो, तेव्हा तिने किती घरांतले पाळणे राखले, हेही विसरता कामा नये.

आता एक गैरसमज आधीच दूर करतो. मूत्रपिंडाचा प्रत्येक दाह जन्माची सोबत करणारा नसतो. मुलाचा घसा येऊन गेल्यावर, किंवा अंगावर खरजेची गळवे होऊन गेल्यावर, दोन-चार आठवड्यांनी लघवी लाल होते व तोंड सुजते. असा दाह बहुतेक मुलांत काही आठवड्यांतच निवळतो आणि त्यास दीर्घकाळ औषध लागत नाही. लहान मुलांचा नेफ्रॉटिक सिंड्रोम हा दुसरा प्रकार. त्यात पहिल्या खेपेस प्रेडनिसोलोन सुमारे बारा आठवडे देतात; बहुतेक मुलांना गुण येतो, परंतु निम्म्याहून अधिक मुलांत तो विकार पुन्हा उलटतो. तरुणपणी दिसणारा आयजीए नावाचा विकार पॅरिसच्या झाँ बर्जे यांनी १९६८ साली वर्णिला; तो वर्षानुवर्षे संथपणे चालतो. आणि ल्यूपस नावाचा जो विकार आहे, तो प्रायः तरुण स्त्रियांस होतो. त्याच्या दहा रुग्णांत नऊ स्त्रिया असतात, आणि त्यांतील बऱ्याच जणींच्या मूत्रपिंडांपर्यंत तो पोहोचतो. यांपैकी आपला विकार कोणता, हे पुष्कळदा मूत्रपिंडाचा सुईने काढलेला बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून कळत नाही. सबब शेजारणीला लागू पडलेली चिठ्ठी आपल्या घरी चालवू नये.

जे दाह दीर्घकाळ टिकतात त्यांचा उपचारही दीर्घकाळ चालतो. ल्यूपसचेच उदाहरण घ्या. पहिले काही महिने मोठ्या मात्रेची औषधे देऊन भडकलेली आग विझवावयाची, आणि नंतर मायकोफेनोलेट किंवा अझाथायोप्रिन यांसारखी औषधे सामान्यतः तीन वर्षे वा त्याहून अधिक काळ चालू ठेवून राखेखालचा विस्तव पुन्हा पेटू द्यावयाचा नाही, अशी ही दोन पर्वे आहेत. पहिल्या पर्वात घरचे सगळे जागे असतात. दुसऱ्या पर्वात सूज उतरलेली असते, मुलगी कॉलेजात जाऊ लागलेली असते, आणि घरच्यांना वाटू लागते की बरी झाली, आता गोळ्या कशाला? औषधामुळे ती बरी दिसते, ही गोष्टच औषध थांबविण्याचे कारण होऊन बसते.

दुकानात मला जे प्रश्न नेहमी विचारले जात, त्यांतील दोन येथे सांगतो. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलची चिठ्ठी घेऊन आलेला गृहस्थ म्हणे, 'माझा रक्तदाब आता ठीक आहे, मग ही गोळी का?' ती गोळी रक्तदाबासाठी तर आहेच, परंतु गाळणीवरचा दाब उतरवून प्रथिनांची गळती रोखणे हे तिचे दुसरे काम आहे, आणि ते रक्तदाब मोजणाऱ्या यंत्रात दिसत नाही. दुसरा म्हणे, 'मला साखरेचा विकार नाही आणि ही तर साखरेची गोळी!' तो डापाग्लिफ्लोझिनविषयी बोलत असे. मधुमेहासाठी निघालेल्या या औषधाने मधुमेह नसलेल्यांच्या मूत्रपिंडांचीही झीज मंदावते, हे २०२० साली मोठ्या चाचणीतून सिद्ध झाले. आणि त्यानंतर आपल्या देशात ते पुष्कळ स्वस्तही झाले. शंका विचारणारा माणूस मला नेहमी आवडे. शंका मनात ठेवून गोळी परस्पर बंद करणाऱ्याची मला धास्ती वाटे.

आता जी हकीकत सांगावयाची, ती सांगताना जीभ जड होते. कारण तीत माझाही दोष आहे. नाव, गाव, पेठ काही सांगत नाही. आपल्याच ज्ञातीतील एका सज्जन गृहस्थांची मुलगी, वय वीस-एकवीस, तिला ल्यूपस होऊन मूत्रपिंडांचा दाह झाला. वडील दरमहा पगाराच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येत आणि औषधांची पिशवी जपून घेऊन जात. दीड वर्षात मुलीची लघवीची तपासणी जवळजवळ निर्दोष आली. परंतु प्रेडनिसोलोनमुळे तिचा चेहरा गोल झाला होता, गालांवर पुटकुळ्या उठल्या होत्या, वजन वाढले होते. त्याच वेळी घरात स्थळे पाहण्यास आरंभ झाला. एके दिवशी वडील हलक्या आवाजात म्हणाले, "अण्णा, पोरगी आता बरी दिसती. पाव्हणे बघायला यायचे आहेत. गोळ्या थोडे दिवस थांबवल्या तर चालंल न्हवं?" मी म्हणालो, "डॉक्टरांना विचारा." एवढेच बोललो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो. त्यांच्या हाताला धरून बाकावर बसविले नाही, डॉक्टरांना तेथूनच दूरध्वनी लावून दिला नाही. पुढच्या महिन्यात ते आले नाहीत. त्या पुढच्याही महिन्यात नाहीत. मनात आले, 'दुसऱ्या दुकानातून नेत असतील.' लग्नाची पत्रिका मात्र आली, आणि मी जेवूनही आलो.

सासरी काही सांगितलेले नव्हते. दोन वर्षांनी मुलगी गरोदर राहिली आणि सहाव्या महिन्यात सूज व रक्तदाब घेऊन रुग्णालयात दाखल झाली. मूल गेले, आणि मूत्रपिंडेही गेली. मग डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. पुढे आईने आपले एक मूत्रपिंड दिले. आज ती मुलगी हिंडतेफिरते आहे, ही ईश्वरकृपाच. परंतु दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीराने परके मानू नये म्हणून तिला आता आजन्म औषधे घ्यावी लागतात, आणि लग्नापूर्वी जी थांबविली होती त्यांहून ती अधिक आहेत.

ती औषधे नेण्यास तिचा नवरा येत असे. पहिल्यांदा आला तेव्हा मला त्याच्याकडे पाहवेना. तो म्हणाला, "अण्णा, मला आधी सांगितलं असतं, तर गोळ्या मीच आणून दिल्या असत्या की!" बंधुभगिनींनो, ज्याच्या भीतीने औषध थांबविले, तो माणूस असा होता. सगळेच असे निघतील असे मी म्हणत नाही. परंतु आपण त्याला तशी संधीच दिली नाही.

वस्तुतः अशा मुलीला संसार आणि मातृत्व ही दोन्ही शक्य असतात. विकार निदान सहा महिने शांत असावा, मायकोफेनोलेट व टेल्मिसार्टन-रॅमिप्रिल यांसारखी गर्भास घातक औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळीच बदलून घ्यावीत, अझाथायोप्रिन व हायड्रॉक्सीक्लोरोक्विन यांसारखी गर्भारपणी चालणारी औषधे चालू ठेवावीत, आणि मग मूल होऊ द्यावे, असा हा मार्ग आहे. परंतु तो मार्ग नवऱ्याला व सासूला ठाऊक असल्यावाचून चालता येत नाही. लपविलेल्या औषधाच्या पाठीमागे ही योजना उभी राहूच शकत नाही.

प्रेडनिसोलोनविषयी आणखी एक सूचना. आपल्या शरीरातही तशाच जातीचे एक जीवनावश्यक द्रव्य तयार होते. बाहेरून गोळी मिळू लागली म्हणजे ते तयार करणारी ग्रंथी झोपी जाते. अनेक आठवडे घेतलेली गोळी एकदम थांबविली तर ती ग्रंथी त्याच क्षणी जागी होत नाही, आणि माणूस ओकाऱ्या, अशक्तपणा, रक्तदाब उतरणे यांनी संकटात सापडतो. म्हणून ही गोळी पायरीपायरीने कमी करावयाची असते. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग लवकर होतो, हे सर्व खरे आहे. परंतु त्यावरचा उपाय डॉक्टरांना सांगून मात्रा घटविणे किंवा जोडीचे दुसरे औषध घेणे हा आहे. गोल झालेला चेहरा औषध उतरले की पूर्ववत् होतो. गेलेले मूत्रपिंड परत येत नाही.

चेहऱ्याचा विषय निघालाच आहे, तर गोरेपणाच्या मलमांविषयीही सांगतो. २०२३ साली अकोल्याच्या एकाच कुटुंबातील व्यक्तींना मूत्रपिंडाचा दाह झाल्याचे प्रसिद्ध झाले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात शोध घेतला तेव्हा त्या वापरीत असलेल्या मलमात पारा सापडला. लग्नाच्या बाजारासाठी कातडी उजळण्याच्या खटाटोपात मूत्रपिंडे काळवंडावीत, यासारखी दुर्दैवाची गोष्ट नाही. तीच गोष्ट पारा व शिसे असलेल्या अनोळखी भस्मांची, आणि तीच अंगदुखीच्या गोळ्यांची. ऊसतोडीहून वा भांगलणीहून परतलेल्या माणसाला मी स्वतः अशा वेदनाशामक गोळ्या मागेल तशा दिल्या आहेत. ज्यांची मूत्रपिंडे दुखावलेली आहेत त्यांना त्या विषासमान आहेत, हे मी उशिरा शिकलो. आणि मीठ! आपला खर्डा, लोणची, पापड यांचा मला अभिमान आहे. तथापि ज्याच्या अंगावर सूज आहे त्याच्या ताटात ते वाढणे ही माया नव्हे.

खर्चाविषयी बोललो नाही तर व्याख्यान अपुरे राहील. आपल्या राज्याची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. २०१२ साली राजीव गांधी यांच्या नावाने आरंभलेल्या योजनेस २०१७ साली हे नाव मिळाले. डायलिसिस व मूत्रपिंडरोपण यांस तिचे साहाय्य होते. परंतु अशा योजना मुख्यतः रुग्णालयात घ्यावयाच्या उपचारांसाठी असतात. घरी बसून वर्षानुवर्षे घ्यावयाच्या रोजच्या गोळीचा भार बहुधा घरावरच पडतो, आणि घर प्रथम त्याच खर्चाला कात्री लावते. ज्यांस परवडत नाही त्यांनी थोरल्या दवाखान्यात, म्हणजे आपल्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, चौकशी करावी. आणि २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेच्या दुकानांत मूळ नावाचे औषध स्वस्तात मिळते का ते पाहावे. मी स्वतः दुकानदार असून हे सांगतो, याचे माझ्या व्यवसायबंधूंनी वाईट वाटून घेऊ नये. गोळी कोणत्या दुकानातून आली याला महत्त्व नाही, ती रोज पोटात गेली पाहिजे.

दुसरी अडचण आपल्या पंचगंगेची. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तोच अनुभव आला. दूध, भाजी, पेट्रोल यांची टंचाई सर्वांनी पाहिली. परंतु पाण्याने वेढलेल्या घरात प्रेडनिसोलोनची शेवटची गोळी संपत आली असेल, तर त्या घरच्या मनाची स्थिती काय होत असेल, याची कल्पना करा. म्हणून ज्यांच्या घरी असे नित्य औषध आहे त्यांनी मृग लागण्यापूर्वी निदान महिनाभराचा साठा करावा, आणि चिठ्ठीची एक प्रत गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवावी.

आता मंडळापुढे माझ्या तीन विनंत्या. आपणांपैकी जे वडीलधारे आहेत त्यांना ठाऊक आहे की, या करवीरनगरीत छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांस आश्रय दिला आणि खेड्यातला मुलगा शिकता झाला. पोटाची व निवाऱ्याची काळजी समाजाने वाहिली तर मुलगा पुस्तकाकडे लक्ष देऊ शकतो, हे त्यामागचे तत्त्व होते. तेच तत्त्व मी औषधाला लावू पाहतो. पहिली विनंती ही की, विद्यार्थिनिधीच्या जोडीला एक लहानसा औषधनिधी उभारावा. त्यातून मोठ्या शस्त्रक्रिया नव्हे, तर गरजू घराची केवळ दरमहाची गोळी चालावी, आणि घेणाऱ्याचे नाव अहवालात छापू नये. दुसरी ही की, दरवर्षीच्या या संमेलनात एका कोपऱ्यात रक्तदाब पाहण्याची व लघवीतील प्रथिने तपासण्याची सोय असावी. ब्राइटच्या मेणबत्तीचे काम आज कागदाची एक पट्टी मिनिटभरात करते, आणि तिला खर्च अत्यल्प येतो.

तिसरी विनंती पैशाची नाही, म्हणूनच ती सर्वांत अवघड आहे. दुपारच्या कार्यक्रमात कोणी मुलगी किंवा मुलगा आपण अमुक औषध नित्य घेतो असे प्रांजळपणे सांगेल, तर त्याकडे व्यंग म्हणून पाहू नका. मी तर म्हणेन, जे घर असे औषध चुकू देत नाही आणि ते लपवीतही नाही, त्या घरची शिस्त व सचोटी यांची ती साक्षच आहे. आपल्याकडे स्त्रिया चातुर्मासात व्रत घेतात आणि कितीही अडचण आली तरी ते मोडू देत नाहीत; घरातली माणसे त्या व्रताला हातभार लावतात. नित्य औषध हेही तसेच व्रत मानावे, आणि ते एकट्या रुग्णाचे न राहता साऱ्या घराचे व्हावे.

माझ्या दुकानात लांबट बाक होते. त्या गृहस्थांना त्या दिवशी मी त्यावर बसविले असते तर, हा विचार मला निवृत्तीनंतरही सोडीत नाही. तुमच्या ओळखीचे कोणी एकाएकी औषध नेईनासे झाले असेल, तर त्याला आज संध्याकाळी भेटा आणि काय झाले ते विचारा. हे काम परक्या माणसाला जमत नाही, ते आपल्याच माणसांनी करावयाचे असते. आणि त्यासाठी ज्ञातिमंडळाहून योग्य संस्था मला दिसत नाही.